वीतभर पडदा आणि सोळा तासांची रात्र

नागपूरहून आखाताकडे जाणारी विमानं सुटतात ती सज्जन माणसाने कूस बदलायच्या वेळी. दोह्यामार्गे ह्यूस्टनला किंवा शिकागोला लेकाकडे निघालेल्या जोडप्याची अर्धी रात्र विमानात पाय ठेवण्याआधीच खलास झालेली असते. संध्याकाळपासून घरात माणसांचा राबता. संत्रा बर्फीचा डबा या बॅगेतून त्या बॅगेत जातो आणि काटा बघून पुन्हा या बॅगेत येतो. सोडायला आलेला प्रत्येक जण निरोप देताना एकच सांगतो, "आता मस्त झोप काढा जी विमानात." असं सांगणाऱ्यांत विमानात झोपलेला एकही नसतो. ज्याने तो प्रयत्न एकदा करून पाहिलाय, तो असला सल्ला देत नाही. तो नुसता पाठीवर हात ठेवतो.

लोकांची झोपमोड करणं हा तसा आमच्या गावाचा जुना धंदा. १९४९ च्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्र उलटली की चारही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर येऊन टेकायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल झाली की उजाडायच्या आत आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात. थैल्यांच्या जोडीला थोडीफार माणसंही असत. कलकत्त्याला निघालेल्या मुंबईकराला ऐन झोपेत नागपुरात उतरवून दुसऱ्या विमानात बसवत. देशाच्या मध्यावर असण्याचे फायदे आम्हाला शाळेपासून ऐकवले जातात, झिरो माइलचा खांब आणि त्याच्याजवळचे चार घोडे दाखवून. पण चार महानगरांतल्या माणसांना अर्ध्या रात्री डोळे चोळायला लावण्याचा मान सत्तरच्या दशकापर्यंत नागपूरकडे होता, हा फायदा कुणी मोजत नाही. त्या विमानांत पडदा नव्हता, कानाला लावायला काही नव्हतं. डाकोटाची घरघर होती आणि शेजारच्या सीटवर मद्रासचा एखादा व्यापारी. करमणूक म्हणाल तर तो व्यापारी.

शेजाऱ्याचा विषय मी मुद्दाम काढला. रात्रभर एका जागी बसून करमणूक करून घेण्यात विदर्भाचा हात कुणी धरू नये. दिवाळी आटोपली, धान घरात आलं, की झाडीपट्टीत, म्हणजे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात, नाटकांचा हंगाम लागतो. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं, कागदोपत्री ज्याला देसाईगंज म्हणतात ते. नाटक रात्री उशिरा चढतं आणि उतरतं तेव्हा कोंबडा आरवलेला असतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आणि पुण्या-मुंबईच्या पेपरांना या रंगभूमीचा पत्ता नव्याने लागला. इकडे प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या थंडीत कानाला मफलर गुंडाळून बसलेलाच आहे. आता रात्रभर डोळे फाडून कुणीच बघत नाही. मध्ये एखादी डुलकी होतेच. तिच्याने बिघडत काही नाही. जाग आली की शेजाऱ्याला कोपर मारून विचारायचं, "काय झालं बे?" तो रंगमंचावरची नजर न हलवता सांगतो, "सुनेले घराबाहेर काढलं." बस. तुम्ही पुन्हा नाटकात.

विमानात सगळं घोडं इथेच अडतं. तिथे शेजारी आहे, तो तर अगदी खांद्याला खांदा लावून आहे, पण तो दुसऱ्याच सिनेमात आहे आणि बहुधा अरबी भाषेत आहे. तुमची डुलकी झाली, सिनेमा पुढे गेला, तर विचारणार कुणाला? मागे नेऊन बघायची सोय असते म्हणा. पण आपल्याला झोप नेमकी कुठल्या प्रसंगाला लागली हे झोपलेल्या माणसाला कसं ठाऊक असणार? मागे नेता नेता आपण जिथे नायक जन्मालाही आलेला नाही तिथे पोचतो, आणि मग म्हणतो, बघू आता सुरुवातीपासूनच. त्यानंतर आणखी एक डुलकी. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी अशा रीतीने दोह्यापासून टेक्सासपर्यंत एकाच सिनेमातलं एकच लग्न पाहिलं. पुढे त्या जोडप्याचं काय झालं, त्यांना अजून माहीत नाही.

सुरुवातीला असं नव्हतं. आकाशात सिनेमा दाखवायची हौस फार जुनी. १९२१ साली अमेरिकेत शिकागो शहरावरून फिरणाऱ्या एका विमानात प्रवाशांना पडद्यावर शिकागो शहरच दाखवलं होतं. खिडकीतून फुकट दिसत असलेली वस्तू. १९२५ मध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडनहून उडालेल्या विमानात 'द लॉस्ट वर्ल्ड' हा डायनासोरांचा मूकपट लावला. मूकपट होता हे बरंच होतं, त्या इंजिनांच्या आवाजात बोलपटाचाही मूकपटच झाला असता. त्या काळची फिल्म ठिणगी पडली तर भडकणारी, विमान बरंचसं लाकडा-कापडाचं, आणि आत लोक डायनासोर बघताहेत. भीती नेमकी कशाची वाटून घ्यावी, हे त्यांनी कसं ठरवलं असेल कुणास ठाऊक. नियमित सिनेमे सुरू झाले ते १९६१ मध्ये टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीत, तेही पहिल्या वर्गापुरते. ऐकायला डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारख्या पोकळ नळ्या द्यायचे. आवाज हवेतून कानात यायचा. ती नळी खिशात घालून घरी नेली तरी तिचा उपयोग शून्य, म्हणून ती दिली असावी असा मला दाट संशय आहे.

पुढे पुष्कळ वर्षं पडदा एकच आणि तोही पुढच्या भिंतीवर. तीनशे माणसं एकच सिनेमा एकाच वेळी बघायची, उंच माणसाच्या डोक्यामागे बसलेला कुढायचा आणि ज्याला झोप लागली तो शेजाऱ्याला विचारायचा. झाडीपट्टीच की ती! मग १९८८ साली नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या विमानात सीटच्या पाठीला काडेपेटीच्या थोरल्या भावाएवढे पडदे लागले आणि प्रत्येकाची चूल वेगळी झाली.

आज त्या पडद्यात हजारांच्या हिशेबात सिनेमे, मालिका, गाणी आणि खेळ असतात. माणूस पट्टा आवळून बसतो आणि निवडायला लागतो. हिंदी उघडतो, बाहेर येतो. इंग्रजी उघडतो, पोस्टरवर बंदूक दिसते, बाहेर येतो. मराठी शोधायची तर तमिळ, तेलुगू, मल्याळम या गर्दीतून वाट काढत जावं लागतं आणि नशीब जोरावर असलं तर दोन मिळतात, त्यांतला एक पोरांनी घरी जबरदस्तीने दाखवलेला असतो. नागराज मंजुळेंचा 'झुंड' कधी हाती लागला तर मात्र नागपूरकराचं काम झालं. विजय बारसे यांनी नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन उभ्या केलेल्या फुटबॉलवरचा तो सिनेमा, चित्रीकरण इथलंच, लांबी जवळजवळ तीन तास. आमच्या शेजाऱ्यांनी तो सिनेमा मोबाइलवर पाहिला तेव्हा बच्चन काय बोलला हे त्यांच्या कानावरही गेलं नव्हतं. ते सारखे थांबवून मागची भिंत बघत होते. "हे आपल्या पानठेल्याच्या मागचं आहे का पाहा बरं!"

विमान कंपन्या सिनेमे कापूनही दाखवतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. विमान कोसळतंय असं दृश्य विमानात कोण दाखवेल? 'रेन मॅन' या सिनेमात नायकाचा भाऊ कुठल्या कंपनीचं विमान कधी पडलं ते घडाघडा सांगतो आणि क्वांटासशिवाय कशातच बसणार नाही म्हणून हटून बसतो. बहुतेक कंपन्यांनी तेवढा भाग गाळला. क्वांटासने अर्थातच ठेवला.

पण खरं सांगायचं तर विमानात स्वतःचा पडदा कुणी बघतच नाही. सगळे दुसऱ्याचा बघतात. तिरप्या कोनातून, आवाजाशिवाय, पुढच्या दोन सीटांच्या फटीतून दिसणारा सिनेमा नेहमी आपल्यापेक्षा चांगला निघतो. आपल्या सिनेमातले लोक नुसते बोलत असतात. त्याच्या सिनेमात घोडे पळताहेत, बाई रडतेय, कुणीतरी पुलावरून उडी मारली. न राहवून आपण आपल्या पडद्यावर तोच शोधून लावतो. आवाज आला की कळतं, किती रटाळ आहे. तोवर पुढच्याने दुसरा लावलेला असतो. मी असे पाहिलेले सिनेमे मला नीट आठवतात, कारण त्यांतले संवाद मी स्वतः लिहिलेले आहेत.

आणि हे सगळं झालं की माणूस शेवटी नकाशावर येतो. एक इवलंसं विमान, मागे रेष, पुढे ठिपके. वेग, उंची, बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या आसपास. दर पाच मिनिटांनी तेच आकडे अरबीत. हजारो सिनेमे सोडून माणसं तासन्‌तास हेच का बघतात, याचं उत्तर विदर्भ एक्सप्रेसने ये-जा केलेल्या माणसाला विचारा. तिथे मुंबईहून परतताना रात्री थ्री टिअरच्या अंधारातून मधूनच आवाज येतो, "भुसावळ आलं का?" विचारणाऱ्याला भुसावळला उतरायचं नसतं. त्याचं तिथे कुणी नसतं. भुसावळ आलं म्हणजे निम्म्याच्या वर झालं, एवढं ऐकलं की तो कूस बदलून घोरायला मोकळा. बडनेरा गेलं की चादरी घड्या होतात, पुलगाव-वर्ध्याला दात घासून होतात. आकाशात भुसावळ नाही. म्हणून तो नकाशा.

त्यातही ह्यूस्टनला निघालेलं विमान युरोप ओलांडून ग्रीनलँडच्या बाजूला वळताना दिसलं की पहिल्यांदा निघालेला गृहस्थ अस्वस्थ होतो. अमेरिका पश्चिमेला, हा उत्तरेला काहून चालला? पृथ्वी गोल आहे, चपट्या नकाशावर वाकडी दिसणारी वाटच गोळ्यावर जवळची, हे भूगोलाच्या मास्तरांनी सांगितलेलं असतं. पण रात्री तीन वाजता, खाली ग्रीनलँड असताना, मास्तरांवर विश्वास बसत नाही. आमच्या शेजाऱ्यांनी हवाई सुंदरीला बोलावून, बोट दाखवून, फक्त "व्हाय?" एवढंच विचारलं होतं. तिने पाणी आणून दिलं.

बँकॉकहून आखाताकडे जाणाऱ्या विमानात नागपूरकर बसलेला असेल तर त्याची गोष्टच वेगळी. ती वाट जवळजवळ आमच्या डोक्यावरून जाते. मध्य भारतावरून उडणाऱ्या विमानांना नागपूरच्या नियंत्रण कक्षाशी बोलावंच लागतं, आणि नकाशावर मुंबई-दिल्लीइतक्याच ठळक अक्षरांत 'नागपूर' उमटतं. गृहस्थ ताठ होतो. बायकोला उठवतो.

"अगं, ऊठ. खाली आपलं घर आहे."

बाई डोळे न उघडता विचारते, "गॅस बंद केला होता ना?"

पस्तीस हजार फुटांवरून याचं उत्तर देता येत नाही. पुढचे चार तास दोघंही जागी.

आता झोप. या बाबतीत आम्हा नागपूरकरांना जन्मजात सवलत आहे असं मी मानतो. मार्चपासून जूनपर्यंत आम्ही खिडकीत कूलर लावून झोपतो. तो पत्र्याचा पेटारा रात्रभर धडधडत असतो, शेजारी बोललेलं ऐकू येत नाही, पाहुण्यांना भीती वाटते आणि आम्हाला अंगाईशिवाय दुसरं काही वाटत नाही. विमानाची घरघर थेट त्याच जातीची. त्यामुळे मुंबईचा माणूस कानात बोळे कोंबत असतो तेव्हा नागपूरकर तोंड उघडून गार झालेला असतो. फरक एवढाच की हा कूलर बिनपाण्याचा. ना टाकीत पाणी, ना वाळ्याच्या ताट्या. विमानाच्या आतल्या हवेत दमटपणा वीस टक्क्यांच्याही खाली असतो, आमच्या मे महिन्यातल्या दुपारसारखा. घसा कोरडा पडतो, नाक सुकतं, ओठ तडकतात. हवेचा दाबही सहा ते आठ हजार फुटांवर असावा तेवढाच राखतात, म्हणजे चिखलदऱ्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आपण पायात मोजे घालून बसलेले असतो. आणि पहाटे विमान खाली यायला लागलं, वैमानिकाने इंजिनाचा जोर कमी केला आणि घरघर एकदम मंदावली, की विमानातले झाडून सारे नागपूरकर एका क्षणी दचकून जागे होतात.

"लाइट गेली का?"

मधल्या सीटवर बसलेल्या माणसाबद्दल लिहायला वेगळा लेख लागेल. खिडकीवाल्याला भिंत असते, कडेच्याला रस्ता असतो, मधल्याला दोन्हीकडे माणसं. मान डावीकडे टाकावी तर परकी बाई, उजवीकडे टाकावी तर घरची. दोन्ही बाजूंनी भीती. म्हणून तो गळ्यात घालायची ती अर्धगोल उशी घेतो. विमानतळावर ती पाहिली की वाटतं, झोप विकत मिळाली. प्रत्यक्षात ती मानेला मागून इतकं पुढे ढकलते की माणूस रात्रभर कुणाची तरी माफी मागत असल्यासारखा दिसतो. पांघरुणावरून पट्टा बांधावा, म्हणजे तपासायला कुणी उठवत नाही, हे एक खरं शहाणपण. बाकीच्या युक्त्या इंटरनेटवर आहेत आणि त्या लिहिणारे बिझनेस क्लासमध्ये झोपतात.

झोप लागलीच तर उठवायला जेवण येतं. कुठल्या वेळेचं, हे विचारायचं नाही. खिडकीबाहेर काळोख, घड्याळात नागपूरचे साडेअकरा, पडद्यावर ह्यूस्टनचा मध्यरात्रीनंतरचा एक, आणि पुढ्यात ऑम्लेट. विमानातल्या जेवणाला चव नसते म्हणतात, त्यात सगळा दोष आचाऱ्याचा नाही. लुफ्तान्सा या जर्मन कंपनीला आपल्या विमानांत टोमॅटोचा रस बिअरच्या बरोबरीने का खपतो याचं कोडं पडलं होतं. तिने फ्राउनहोफर संस्थेकडून तपास करवला. निघालं असं की कमी दाबाच्या, कोरड्या हवेत जिभेला मीठ आणि साखर कमी लागते, टोमॅटोचा रस मात्र जमिनीपेक्षा बरा लागतो. आमच्याकडच्या बायकांनी या शोधाची वाट पाहिली नाही. त्यांच्या पर्समध्ये जवसाच्या चटणीची पुडी पहिल्यापासून आहे. ती उघडली की पुढच्या-मागच्या तीन रांगांतून माना वळतात. शेजारचा अरब गृहस्थ सिनेमा थांबवून बघतो. मग काकू कसलाही संकोच न करता त्याच्या पावावर चिमूटभर टाकतात आणि मराठीतच सांगतात, "खाऊन पाहा, तिखट नाही." तो खातो. डोळ्यांत पाणी येतं. त्यानंतर तो सगळा प्रवासभर त्यांना आपल्या पडद्यावर काय चाललंय ते खुणांनी सांगत राहतो.

पोचल्यावर उरते ती झोपेची उधारी. नागपूर आणि टेक्सास यांच्या घड्याळांत साडेदहा ते साडेअकरा तासांचं अंतर, म्हणजे दिवसाची रात्रच. शरीर रोज साधारण तासाभराने सरकतं, असा ढोबळ हिशेब सांगतात. तेव्हा पहिला आठवडाभर नागपूरचे आई-वडील रात्री दोनला टक्क जागे आणि दुपारी जेवताना घास हातात धरून गाढ. पहाटे सुनेच्या स्वयंपाकघरात भांडं वाजू नये म्हणून ते बाहेर पडतात. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये तळ्याकाठी फिरायचे रस्ते आहेत, आणि तिथे उजाडायच्या आत मोजे-चप्पल घालून, कानटोपी चढवून हिंडणारी सगळी माणसं याच पंथातली असतात. कोण कधी आलं, कोण कुठून बसलं, व्हीलचेअर मागितली होती का (ती पायांसाठी नसते, इमिग्रेशनच्या इंग्रजीसाठी असते), एवढी चौकशी झाली की गाडी सिनेमांवर येते.

अशाच एका पहाटे लक्षात आलं की बाकावर बसलेल्या सगळ्यांनी वेगवेगळ्या तारखांना एकच हिंदी सिनेमा पाहिला होता. कुणीच पूर्ण नाही. अकोल्याच्या काकूंनी पहिलं जेवण येईपर्यंत पाहिला होता. नागपुरातल्या धंतोलीच्या एका जोडप्याला मधला भाग ठाऊक होता, नवऱ्याला भावांच्या भांडणापर्यंत, बायकोला त्यानंतरचा. एका भंडाऱ्याच्या निवृत्त मास्तरांनी तो सगळाच पाहिला होता, पण पुढच्या सीटच्या फटीतून, त्यामुळे कोण कुणाचा कोण हे त्यांना लागत नव्हतं. तासाभरात सिनेमा जुळून आला. कुणी गाणं सांगितलं, कुणी आईचं आजारपण सांगितलं, मास्तर मध्येच "हां हां, मग तो निळ्या शर्टाचा तिचा दीर होता तर!" असं ओरडले. अडलं ते शेवटाला. विमान उतरायला लागलं आणि पडदे बंद झाले, हीच प्रत्येकाची हकीगत.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेले दर्यापूरकडचे एक गृहस्थ पुढे सरसावले आणि त्यांनी शेवट सांगितला. थोरला भाऊ परत येतो, वाडा विकायचा रद्द होतो, धाकटी सून सासूच्या पाया पडते. अकोल्याच्या काकूंनी डोळे पुसले. सगळे समाधानाने उठले, नाश्त्याची वेळ झाली होती. परतताना मी त्यांना विचारलं, तुमची कोणती फ्लाइट होती, तुम्हाला शेवटपर्यंत कसा काय बघायला मिळाला?

"मी कुठं पाहिला जी?" ते म्हणाले. "मी तर नकाशाच पाहून राहिलो होतो."